बेकायदा स्थलांतर: आधी सीमा बंद करावी की आधी हजेरीपट तपासावा?

सातरस्ता (धागाकर्ता)

सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सकाळी फिरणाऱ्या आमच्या सहा-सात निवृत्तांच्या गटात गेले पंधरा दिवस एकच वाद चालू आहे आणि तो चहाच्या गाड्यावर मिटत नाही, म्हणून इथे मांडतो. विनापरवाना देशात शिरलेल्या परकीय माणसाचे सरकारने काय करावे?

माझे मत मी लपवत नाही. बांगलादेशाबरोबरची आपली सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटर लांब आहे. तिच्यापैकी तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर कुंपण झाले असले तरी उरलेला भाग वर्षानुवर्षे रखडलेला आहे. परसदार सताड उघडे ठेवून पुढच्या दाराशी कडी-कोयंडे लावण्यात काय हशील? म्हणून आधी कुंपण पुरे करावे, सापडेल त्याला परत पाठवावे आणि आत राहिलेल्यांना कोणत्याही सबबीवर कायम करू नये. एकदा माफी दिली की पुढचा माणूस त्याच माफीच्या भरवशावर घर सोडतो. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केले, तरी पुढच्या वीस वर्षांत तिथल्या बेकायदा रहिवाशांचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. हे उदाहरण कोणी खोडून दाखवावे, मी मत बदलायला तयार आहे.

एक विनंती आहे. चर्चा धर्मावर नेऊ नये. तिकडे गेली की तिसऱ्या प्रतिसादात धागा बंद पडतो, हा अनुभव आहे.

निवृत्त प्रहरी

मी सीमा सुरक्षा दलात होतो आणि त्यातली सात वर्षे पश्चिम बंगालच्या सीमेवर काढली आहेत. कुंपण हवेच, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र कुंपण म्हणजे सीमा, असा जो समज इकडे बसून होतो, तो चुकीचा आहे. १९७५ मध्ये दोन्ही देशांनी मान्य केलेल्या नियमांनुसार शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करता येत नाही, त्यामुळे आपले कुंपण आपल्याच हद्दीत आत सरकून उभे राहते आणि आपल्याच शेतकऱ्यांची शेते, काही ठिकाणी घरेसुद्धा, त्याच्या पलीकडे राहतात.

मग काय होते, ते सांगतो. कुंपणाला फाटके असतात. सकाळी ठरावीक वेळेला फाटक उघडायचे, शेतकऱ्याने ओळखपत्र जमा करायचे, बैल किती, नांगर किती, खताची पोती किती, हे सगळे आम्ही वहीत लिहायचे आणि संध्याकाळी तेवढेच परत आले का, ते ताडून पाहायचे. एकदा एका म्हाताऱ्याची गाय पलीकडच्या शेतात व्याली. सकाळी वहीत एक गाय गेलेली आणि संध्याकाळी गाय अधिक वासरू परत आलेले! माझ्या हाताखालचा नवा पोरगा वासराला फाटकातून आत घेईना, कारण वहीत त्याची नोंद नव्हती. शेवटी शेरा लिहून मी सही केली, तेव्हा ते आत आले.

नदीचा भाग तर वेगळेच प्रकरण आहे. इच्छामतीसारख्या नदीत रेषा पाण्यातून जाते, तिथे खांब रोवता येत नाहीत, गस्तीच्या बोटीवरच भिस्त ठेवावी लागते आणि धुक्याच्या रात्री दहा हातांवरचे दिसत नाही. शिवाय रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर परत न जाणारा माणूस कोणतेही कुंपण ओलांडत नाही, हेही लक्षात घ्यावे.

शेंगाचटणी

वासराच्या नागरिकत्वाचे पुढे काय झाले?

वकीलसाहेब

शेंगाचटणी यांनी विनोद केला असला तरी प्रश्न कायद्याचाच आहे, म्हणून उत्तर देतो. कुंपणापलीकडची ती जमीन भारताचीच असल्यामुळे वासरू भारतात जन्मले, यात शंका नाही. पण भारतात जन्मला तो भारतीय, हा सरसकट नियम १ जुलै १९८७ पूर्वीच्या जन्मांपुरता होता. त्यानंतरच्या जन्माला आई-वडिलांपैकी एक तरी भारतीय असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय असून भागत नाही, दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. गाय आपली असेलही, पण बैल कोठून आला होता, याचा खुलासा प्रहरीसाहेबांनी करावा.

आता गंभीरपणे. ‘सापडेल त्याला परत पाठवावे’ हे वाक्य लिहिण्याइतके करणे सोपे नाही. परत पाठवण्यासाठी तो माणूस आपला आहे, असे समोरच्या देशाने मान्य करावे लागते. नाव, गाव, वडिलांचे नाव यांची तिकडून पडताळणी यावी लागते. ती येईपर्यंत तो आपल्या कोठडीत आणि आपल्या खर्चाने राहतो. समोरच्याने नाही म्हटले तर त्याला पाठवायचे कोठे? या अडचणीवर रात्रीतून सीमेपलीकडे ढकलून देण्याचा जो उपाय निघतो, त्यात पडताळणीची पायरीच गळते. २०२५ मध्ये अशी काही माणसे, त्यांत महाराष्ट्रात मजुरी करणारेही होते, बांगलादेशी समजून पलीकडे सोडण्यात आली आणि ती पश्चिम बंगालची निघाल्यावर परत आणावी लागली.

पुरावा कोणी द्यायचा, हा याच्याही आधीचा प्रश्न आहे. आसामपुरता १९८३ चा एक कायदा होता, त्यात परकीय असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो रद्द केला. आता देशभर ही जबाबदारी संबंधित व्यक्तीवरच आहे आणि १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे.

सातरस्ता (धागाकर्ता)

वकीलसाहेब, ते तत्त्व मला योग्यच वाटते. जो नागरिक आहे, त्याला कागद दाखवायला भीती कसली? आधार कार्ड तर आता तान्ह्या मुलाचेही असते.

उमा_होटगीरोड

सातरस्ताकाका, आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही. ते रहिवासाचे कार्ड आहे. अर्जापूर्वीच्या वर्षभरात १८२ दिवस भारतात राहिलेल्या परकीय माणसालाही ते कायद्याने मिळू शकते. आणि कागदाची भीती कसली, हे विचारलेच आहे तर माझ्या आईची गोष्ट ऐका.

आईचा जन्म दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, घरी, सुईणीच्या हातचा. पारपत्रासाठी जन्मदाखला हवा झाला तेव्हा गावच्या दप्तरात तिची नोंदच सापडली नाही. त्या सालच्या वहीची पाने वाळवीने खाल्लेली होती. शाळेच्या दाखल्यावर तिचे नाव एक आहे, लग्नानंतरचे शिधापत्रिकेवरचे दुसरे आहे आणि मतदार यादीत तिसरेच छापले आहे, कारण माहेरी कन्नड बोलतात आणि तिच्या कन्नड नावाला मराठी कारकुनाने आपल्या कानाप्रमाणे वेलांटी दिली. एका वर्षापेक्षा जुनी नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी नोंद सापडत नसल्याचा दाखला लागतो. तो दाखला देणाऱ्या कार्यालयाने आम्हांला चार महिन्यांत नऊ वेळा बोलावले. नवव्या वेळी आई तिथल्या बाकावर बसून मला म्हणाली, “मी जन्मलेच नाही म्हणून लिहून घे आणि घरी चल.”

माझी आई साठ वर्षांची, सोलापूर जिल्ह्याच्या बाहेर कधी राहिलेली नाही. तिच्या मागे धावपळ करायला माझ्यासारखी शिकलेली मुलगी होती. पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबादहून आलेल्या बिगारी गवंड्याच्या मागे कोण आहे?

भुईकोट

उमाताईंचा अनुभव खरा आहे, पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. उशिराच्या जन्मनोंदींचा हाच मार्ग वापरून मालेगावसारख्या ठिकाणी बेकायदा आलेल्यांनी दाखले मिळवल्याच्या तक्रारी झाल्या, २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने त्यासाठी विशेष तपास पथक नेमले आणि नंतर नियम कडक केले. कागद सैल ठेवला तर दलालाचे फावते आणि आवळला तर उमाताईंच्या आईला बाकावर बसावे लागते. मला विचाराल तर मी आवळण्याच्या बाजूचा आहे. पण मग दप्तर सांभाळण्याची चूक सरकारची असेल तिथे तिचा भुर्दंड नागरिकावर पडता कामा नये, एवढी अट मी घालीन.

आसामचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. नागरिक नोंदणीत सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक वगळले गेले. यादी चुकीची आहे, असे ती मागणारेही म्हणाले आणि तिला विरोध करणारेही म्हणाले. इतक्या वर्षांच्या खटाटोपानंतर दोन्ही पक्षांचे एकमत होण्याचा योग एवढ्याच मुद्द्यावर यावा, याला काय म्हणावे?

साखरपेठ

आमचे पद्मशाली घराणे. पणजोबा करीमनगरकडून मागाच्या कामासाठी सोलापुरात आले, त्या काळी तो मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सोलापूर इंग्रजांच्या. इथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवरचे नळदुर्ग म्हणजे परका मुलूख! निजामाची करोडगिरी, म्हणजे जकातीची नाकी, मालावर कर घेत असत, पण माणसाला कोणी परवाना विचारल्याचे आमच्या घरात कोणी सांगितलेले नाही. १८७७ मध्ये जुनी गिरणी उभी राहिली आणि गिरण्यांना व मागांना हात हवे होते. आज पूर्व भागात तेलुगू ऐकू येते ते त्यामुळे. त्या वेळी कोणी कुंपण घातले असते तर सोलापुरी चादर विणायला कोण बसले असते?

भुईकोट

साखरपेठ, आपल्या पणजोबांविषयी आदर ठेवून म्हणतो की ही तुलना लागू पडत नाही. त्या काळी नागरिकत्व, मतदान, शिधापत्रिका यांतले काहीच नव्हते. माणूस यायचा, राबायचा, जगायचा किंवा मरायचा. राज्य त्याला काही देणे लागत नव्हते. आज शाळा, दवाखाना, धान्य आणि मत या चारही गोष्टी देशाच्या सदस्यत्वाशी जोडलेल्या आहेत, तेव्हा सदस्य कोण, हे ठरवण्याचा अधिकार देशाला असलाच पाहिजे.

आपल्या शहराला याहून जवळचे उदाहरण १९४७-४८ चे आहे. रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातली कित्येक कुटुंबे रातोरात सोलापुरात आली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजेची मुख्य तुकडी याच सोलापुरातून निघाली आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. आलेली ती माणसे कामाच्या शोधात आली नव्हती, जीव वाचवायला आली होती. पोटासाठी येणारा आणि जिवासाठी येणारा यांत फरक करणारा कायदा आपल्याकडे नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या ठरावीक समुदायांची सोय केली, बाकी सगळे सरकारच्या मर्जीवर चालते. माझ्या मते कुंपणाआधी हा कायदा हवा.

सातरस्ता (धागाकर्ता)

१९४८ चा मुद्दा मान्य. आमच्या आळीत अशी दोन कुटुंबे होती आणि माझ्या आईने त्यांना महिनाभर जेवू घातले होते. पण १९८६ चे माझे उदाहरण अजून कोणी खोडलेले नाही.

मुकादम_मंगळवेढा

मी खोडतो. त्या कायद्यात माफीबरोबर बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंडही होता, पण मालकाने कागद वरकरणी खरे दिसतात एवढे पाहिले की त्याची सुटका होत असे. खोटे कागद विकणाऱ्यांचा धंदा जोरात चालला, मालक मोकळे राहिले आणि काम मिळत राहिल्यामुळे माणसे येत राहिली. दोष एकट्या माफीवर टाकता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या ऊसतोडीवरून समजते. बीडकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन येतात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की बैलगाड्या वळवून गावी जातात. समजा, उद्या जिल्ह्याच्या हद्दीवर कुंपण घातले आणि ते ओलांडायला प्रत्येक वेळी दलालाला पन्नास हजार द्यावे लागले, तर पट्टा पडल्यावर कोयतेवाला परत जाईल का? तो मंगळवेढ्यातच पाल ठोकून राहील आणि पुढच्या खेपेला बायको-पोरांनाही घेऊन येईल. अमेरिकेत हेच घडले. १९४२ ते १९६४ पर्यंत मेक्सिकोच्या शेतमजुरांना हंगामी परवाने मिळत असत. ती योजना बंद झाली, पुढे सीमा कडक होत गेली आणि ये-जा करणारे तिथेच मुक्काम करून राहू लागले, असे डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे.

निवृत्त प्रहरी

मुकादमांच्या म्हणण्याला नेपाळची जोड देतो. १९५० च्या तहामुळे सुमारे १,७५१ किलोमीटरची ती सीमा खुली आहे आणि तिकडचा माणूस इकडे राहू शकतो, काम करू शकतो. म्हणून आपल्या अपार्टमेंटच्या नेपाळी रखवालदाराला कोणी बेकायदा म्हणत नाही. मात्र ही सोय प्रत्येक शेजाऱ्याला देता येईल, असे मी म्हणणार नाही. म्यानमारच्या सीमेवर दोन्हीकडच्या लोकांना १६ किलोमीटरपर्यंत ये-जा करण्याची मुभा होती, ती रद्द करण्याची घोषणा केंद्राने २०२४ च्या फेब्रुवारीत केली, त्याला तिकडची यादवी आणि शस्त्रांची वाहतूक ही कारणे होती. विश्वास नसलेल्या शेजाऱ्याशी खुली सीमा ठेवणे म्हणजे पहाऱ्यावरच्या जवानाच्या जिवाशी खेळ आहे.

सोलापूर_ते_शारजा

इथे सगळे जण आलेल्या माणसाविषयी बोलत आहेत, मी गेलेल्याविषयी बोलतो. माझा मावसभाऊ शिवणकामाच्या व्हिसावर इकडे आला. मालकाने पारपत्र काढून घेतले, पाच महिने पगार दिला नाही, म्हणून तो पळून दुसरीकडे कामाला लागला. इथे व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, त्यामुळे ज्या दिवशी त्याने मालक सोडला त्या दिवशी तो बेकायदा झाला. पुढची तीन वर्षे गस्तीची गाडी दिसली की दुकानाचे शटर अर्धे ओढून आत बसायचा. २०२४ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर अशी माफीची मुदत दिली, दंड न भरता एकतर परत जा किंवा कागद नीट करून घ्या म्हणून. तो परत गेला आणि आता कुंभारीत स्वतःचे यंत्र घेऊन बसला आहे.

सातरस्ताकाका, माफीने पुढचा माणूस येतो म्हणता, पण ही माफी कायमची जागा देणारी नव्हती, दार उघडून बाहेर जाऊ देणारी होती. दंडाचा डोंगर साठला की माणूस जायचे म्हटले तरी जाऊ शकत नाही.

शेंगाचटणी

आणि ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानातले १०४ जण? त्यांच्या हातापायांतल्या बेड्या पाहून आपल्याच कट्ट्यावरचे लोक हळहळले होते. ते तिकडे बेकायदाच शिरले होते ना? की आपला गेला तर बिचारा आणि दुसऱ्याचा आला तर घुसखोर?

सातरस्ता (धागाकर्ता)

हळहळलो बेड्यांसाठी, त्यांना परत पाठवले याबद्दल मी एका शब्दाने तक्रार केलेली नाही. आपल्या सरकारनेही खातरजमा झालेल्या आपल्या नागरिकांना परत घेण्याचीच भूमिका घेतली. बांगलादेशानेही तसेच घ्यावे, एवढेच मी म्हणतो.

मात्र मुकादमांनी मालकाच्या दंडाबद्दल लिहिले ते मला पटले. माझे मत थोडे दुरुस्त करतो. कुंपण हवेच, पण काम देणाऱ्यालाही जाब विचारावा.

टॉवेलवाला

जाब विचारायचा तर मलाच विचारा. अक्कलकोट रस्त्याला माझा टॉवेलचा लहान कारखाना आहे. आपली मुले मागावर उभी राहत नाहीत, म्हणून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातली माणसे ठेकेदारामार्फत घेतो. हजेरीपटावर मी ‘ठेकेदाराची माणसे, अकरा’ एवढेच लिहितो. नावे मला माहीत नाहीत. एकाला सगळे ‘छोटू’ म्हणतात, तो पन्नाशीचा आहे.

वकीलसाहेब, याबाबत कायदा काय होता?

वकीलसाहेब

आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. परराज्यातली पाच किंवा अधिक माणसे आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यायचा आणि प्रत्येक कामगाराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे, त्यात कामाचे ठिकाण, मजुरीचा दर आणि मजुरीतून केलेली कपात लिहायची. आता तो कायदा नव्या श्रम संहितेत विलीन झाला आहे. आपण ते पासबुक कधी पाहिले आहे काय?

टॉवेलवाला

तीस वर्षांत एकही नाही.

उमा_होटगीरोड

पण ते पासबुक नसले म्हणून माणूस परकीय ठरू नये, हेही कोणीतरी लिहून ठेवा. नाहीतर उद्या मालक सगळ्या बंगाली बोलणाऱ्यांना आधीच काढून टाकतील.

टॉवेलवाला

चार दिवसांनी पुन्हा लिहितो आहे. उमाताईंची भीती लक्षात ठेवून मी ठेकेदाराला फोन केला. कोणालाही न काढता सगळ्यांची नावे, फोटो आणि पासबुके दे, पगार त्यांच्या नावाने बँकेत करू, असे सांगितले. तो आधी हसला. मग म्हणाला, “शेठ, पासबुक, नावाने पगार आणि फंड पाहिजे असेल तर माणशी रोजाला दीडशे रुपये जास्त पडतील. तशीच पाहिजे असतील तर जुन्या दरात उद्या आणखी सात पाठवतो, फक्त नावे विचारू नका.”

तो कोणाला पाठवणार होता, बिहारच्या की सीमेपलीकडच्या, हे मी विचारले नाही. विचारले असते तरी त्याने सांगितले नसते. दीडशे रुपये गुणिले अकरा, गुणिले सव्वीस दिवस, हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून पाहिला आहे आणि टॉवेलच्या डझनामागे तो किती पडतो, तेही पाहिले आहे. ठेकेदाराला अजून उत्तर दिलेले नाही.

सातरस्ता (धागाकर्ता)

उत्तर दिलेत की इथे लिहा. आणि डझनामागे किती पडतात तेही लिहा, उद्या सकाळी कट्ट्यावर सांगायचे आहे.